दारू सोडली कुणी?

यंदा मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेलो होतो. हळदीच्या रात्री मांडवामागे नेहमीची बैठक बसली होती. मी तिथून पाण्याचा जार उचलायला गेलो तेव्हा कुणीतरी ग्लास पुढे केला. मी नको म्हटलं. त्यावर आमच्या तात्यांचे एक दोस्त, गावातले वडीलधारे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्याला म्हणतात गडी! कुणाचा आधार नाही, काय नाही. नुसत्या मनाच्या जोरावर सोडली पोरानं."

बैठकीने माना डोलावल्या. मी हसलो आणि जार घेऊन निघून आलो.

रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. ते खोटं होतं, आणि कौतुक होतं म्हणून मी ते खोडलं नव्हतं.

खरं काय होतं ते सांगायचं तर २०२५ च्या सप्टेंबरात जावं लागेल. त्या महिन्यात धाराशिव जिल्ह्यात, त्यातही भूम-परंडा भागात, असा पाऊस झाला की पाण्यात अडकलेल्या लोकांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. काढणीला आलेलं सोयाबीन गेलं, काही ठिकाणी पिकाबरोबर खालची मातीही खरडून गेली. आमचं गाव परंडा तालुक्यात, सीना नदीपासून फार लांब नाही. मी पुण्यात, हिंजवडीजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. संध्याकाळी सातला आईचा फोन आला, "पाणी गोठ्यापर्यंत आलंय, आम्ही शाळेवर चाललोय." त्यानंतर फोन लागेना. आप्पांचा बंद, आईचा कव्हरेजच्या बाहेर. व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्या कुठल्या गावांचे व्हिडिओ येत होते आणि प्रत्येकात मी आमचा गोठा शोधत होतो.

दहाच्या सुमारास मी चप्पल घालून खाली उतरलो. कशासाठी, ते मला माहीत होतं, पण मी ते स्वतःलाही सांगत नव्हतो. शेवटचा घोट घेतल्याला तेव्हा दोन वर्षं आणि तीन महिने झाले होते. कोपऱ्यावरच्या वाईन शॉपसमोर जाऊन उभा राहिलो. रांग नव्हती. खिशात फोन होता, तोच पैसे द्यायला लागणार होता. तो काढला आणि स्कॅन करायच्या ऐवजी काकांना फोन लावला.

काका म्हणजे माझे नातेवाईक नव्हेत. निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, माझ्याआधी अठरा वर्षं दारू सोडलेले. आमची ओळख एका मिटिंगमधली. मिटिंगमध्ये भेटलेल्या माणसाचं नाव बाहेर न्यायचं नसतं, म्हणून त्यांचं नाव आणि मिटिंगची जागा लिहीत नाही.

"काका, दुकानासमोर उभाय."

"जेवलास का?"

"नाही."

"मग आधी आजूबाजूला काय खायला मिळतंय ते बघ. फोन ठेवू नको."

त्यांनी 'सगळं ठीक होईल' असं एकदाही म्हटलं नाही. त्यांना तरी कुठे माहीत होतं? ते फक्त विचारत राहिले. जनावरं किती आहेत, शाळा उंचावर आहे का, आप्पांना पोहता येतं का. मी भुर्जीच्या गाडीवर उभा राहून पाव खात उत्तरं देत होतो. बोलता बोलता समोरचं शटर खाली आलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आईचा आवाज ऐकला. माणसं सुखरूप होती. एक म्हैस, दोन शेळ्या आणि सगळं सोयाबीन गेलं होतं.

आता सांगा, त्या रात्री कोण प्यायलं नाही? मी, की काका?

*

हा प्रश्न शब्दांचा खेळ वाटेल, पण त्यामागे एक जुनी नैतिक समजूत आहे. जी गोष्ट मी माझ्या बळावर केली तीच माझी, बाकीची उसनी. कॉपी करून पास झालेल्याचे मार्क त्याचे नसतात, तसंच कुणीतरी हात धरून दुकानापासून लांब नेलेल्याचा संयम त्याचा कसा? माझ्या रूममेटने हे मला अगदी प्रेमाने विचारलं होतं. "उद्या काकांनी फोन नाही उचलला तर?" म्हणजे तू कुबडी घेऊन चालतोयस, तुझा पाय बरा झालेला नाही.

मी ही शंका उडवून लावत नाही, कारण अनेक वर्षं मी स्वतः तिच्यावर विश्वास ठेवून होतो. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर सुरुवात झाली. नोकरी लागली आणि शनिवारची दारू बुधवारपर्यंत आली. मग मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, दुकानं बंद झाली. मी खोलीत अडकलो आणि चाळीसेक दिवस थेंबही मिळाला नाही. आईला फोनवर अभिमानाने सांगितलं, "सुटली." मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानं उघडली, तेव्हा मास्क लावून मी त्या लांबलचक रांगेत होतो. बाटली मिळत नव्हती म्हणून प्यायलो नाही, याला सोडणं म्हणत नाहीत, हे त्या रांगेत कळायला हवं होतं. कळलं नाही.

पुढची दोन-तीन वर्षं पिणं वाढत गेलं आणि मी एकट्यानेच सोडण्याचे प्रयत्न करत राहिलो. शेवटच्या प्रयत्नात खोलीचं दार लावून घेतलं, फोन बंद केला. पहिल्या दिवशी हात थरथरले, घाम आला, झोप गेली. दुसऱ्या दिवशी फिट आली. रूममेट गावाहून एक दिवस आधी परतला म्हणून मी हॉस्पिटलात पोचलो.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते इथे मुद्दाम लिहितो, कारण 'मनाचा जोर' या कल्पनेमुळे माणसं मरू शकतात. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत चढ्या गतीवर ठेवायला शिकतो. दारू एकदम थांबली की गुंगी जाते, पण चढी गती राहते. मग कंप सुटतो, फिट येऊ शकते, आणि साधारण दोन-तीन दिवसांनी काहींना भास होऊ लागतात. ही अवस्था उपचारांशिवाय जिवावर बेतू शकते. गोळ्या देऊन ही गती हळूहळू उतरवावी लागते, बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं. म्हणजे रोज पिणाऱ्याने सोडण्याची पहिली पायरीसुद्धा एकट्याने चढणं धोक्याचं आहे. तिथे निश्चय कितीही पक्का असला तरी तो फिट थांबवू शकत नाही.

*

तरीही दुसऱ्याची मदत म्हणजे सरसकट चांगली गोष्ट, असं मी म्हणणार नाही. माझ्या घरातच उलटं उदाहरण घडलं.

मी सुट्टीत घरी गेलो असताना आई माझ्या वरणात कसली तरी पूड घालत होती. कुणीतरी तिला पुडी दिली होती, 'पोराला कळू न देता घाला, दारूचा वास नको होईल' असं सांगून. आपल्याकडे घरोघरी हा उद्योग चालतो. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते देणाऱ्यालाच ठाऊक. पण डायसल्फिराम नावाचं खरंखुरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वतःच्या संमतीने घेणाऱ्याला ते उपयोगी पडतं. नकळत दिलं तर जीव जाऊ शकतो.

मला पुडी सापडली तेव्हा मी खूप भांडलो. आई रडत म्हणाली, "मग मी करू तरी काय?" आज मला तिचा राग येत नाही. पण त्या वेळी मी रागाच्या भरात दुप्पट प्यायलो, हेही खरं.

पुडी आणि काकांचा फोन, दोन्ही मला दारूपासून लांब ठेवण्यासाठीच होतं. मग फरक कुठे आहे?

ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. सायरनांचं गाणं ऐकून खलाशी भुलतात आणि खडकांवर आपटून मरतात. ओडिसियस खलाशांच्या कानात मेण घालतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. वर बजावतो की मी कितीही विनवलं तरी सोडू नका, उलट आणखी घट्ट बांधा. त्या क्षणी त्याला धरून ठेवतो तो दोर, पण दोर बांधायला सांगणारा तोच असतो.

याचं गावाकडचं रूप मी लहानपणापासून बघत आलोय. आमच्याकडे माणूस पंढरपुरात जाऊन तुळशीची माळ घालतो. माळ घातली की दारू-मटण बंद. माळेच्या मण्यांत काही औषध नसतं. पण ती गळ्यात दिसते. हॉटेलवाला विचारत नाही, पाहुणे आग्रह करत नाहीत, बैठकीतला माणूस स्वतःच म्हणतो, "त्याला नको, माळकरी हाय तो." एका माणसाने केलेला निश्चय सांभाळायला अख्खं गाव थोडं थोडं वाकतं. आणि माळकऱ्याला कुणी म्हणत नाही की तुझा संयम उसना आहे.

फरक तिथेच आहे. पुडीमध्ये मी नव्हतो, माळेत माळकरी असतो. काकांना मीच एकदा शांत डोक्याने सांगून ठेवलं होतं की माझं डोकं ठिकाणावर नसेल तेव्हा तुम्ही बोला, मी ऐकेन. त्या रात्री दुकानासमोर मी जे केलं ते इतकंच, की आधी दिलेला तो अधिकार परत काढून घेतला नाही. नैतिक कृती म्हणायची तर ती फोन लावण्यात होती. पुढचं काम दोघांचं. ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हर पडला की रात्री दोनला कुणाला तरी उठवणारी व्यवस्था आम्हीच बांधतो. अशी व्यवस्था असणं ही सिस्टिमची कमजोरी आहे, असं कुठलाही इंजिनिअर म्हणत नाही.

आमच्या जिल्ह्यातलंच तेर हे गोरोबाकाकांचं गाव. शाळेच्या सहलीत तिथे एक आख्यायिका ऐकली होती. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी हातातल्या थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं, कुंभार मडकं तपासतो तसं. नामदेव चिडले आणि गोरोबांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं. आम्ही पोरं त्यावर हसलो होतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. दुखावलेले नामदेव पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केलं. आपण कच्चे आहोत हे कळल्यावर ते घरी बसून एकट्याने पक्के होऊ पाहत नव्हते. मडकं स्वतःला भाजून घेऊ शकत नाही, हे कुंभाराच्या गावात वेगळं सांगावं लागत नसावं.

*

काकांच्या बाबतीत मला एक ओझं बरेच दिवस वाटायचं. मी सतत घेतोय, ते सतत देतायत. हे फेडायचं कसं? दुसऱ्या दिवशी संकोचून "काल तुमची झोप मोडली" असं म्हटलं तर ते म्हणाले, "तू फोन केलास म्हणून माझाही कालचा दिवस गेला." मला ती नम्रता वाटली. ती नम्रता नव्हती, हे नंतर वाचनात आलेल्या एका घटनेमुळे समजलं.

मे १९३५. अमेरिकेत ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. काम फिसकटलं. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, दुसरीकडे टेलिफोन. त्या पाच महिन्यांत त्याने न्यूयॉर्कमध्ये अनेक दारुड्यांना सुधारायचा प्रयत्न केला होता. त्यातला एकही टिकला नव्हता, पण त्या खटाटोपात बिल स्वतः टिकला होता. त्याने फोन निवडला. चर्चमधल्या लोकांना एकामागून एक फोन लावत त्याने शहरातला एखादा दारुडा शोधायला सुरुवात केली. उपदेश करायला नव्हे, स्वतः वाचायला. शेवटी १२ मे रोजी त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या सर्जनशी पडली. स्मिथ पंधरा मिनिटंच थांबणार होते, बोलणं सहा तासांवर चाललं. मध्ये स्मिथ पुन्हा एकदा प्यायले. मग १० जून १९३५ ला त्यांनी शेवटची दारू घेतली. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा स्थापनादिन मानला जातो.

या गोष्टीत उपकार करणारा कोण आणि घेणारा कोण? बिलला स्मिथची गरज होती, निदान स्मिथला बिलची होती तितकीच.

आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये येरवड्याला 'मुक्तांगण' सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे मदतीला पुढे आले, आणि डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र उभं केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे कार्यकर्ते झाली. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट झाला, कारण आधार देणाऱ्यालाही आधार लागतो. माझ्या आईला तेव्हा असा गट मिळाला असता, तर तिला पुडी आणावी लागली नसती.

*

इथपर्यंत सगळं छान जुळतं. अडचण पुढे आहे.

मी न पिण्याचं श्रेय जर वाटलं जात असेल, तर कुणाच्या पिण्याचा दोषही वाटला जायला हवा. गावात माझा एक वर्गमित्र आहे. दहावीपर्यंत एका बाकावर बसायचो. त्याचंही पिणं माझ्यासारखंच वाढलं. मी सोडल्यावर त्यानेही प्रयत्न केला, पाच महिने टिकला. एका रात्री त्याचे मला तीन मिस्ड कॉल आले. आमचं रिलीज चालू होतं. मी उद्या करू म्हटलं. 'उद्या' चार दिवसांनी आला, तोवर तो पुन्हा सुरू झाला होता.

पुरानंतर घरातला गाळ काढायला गावी गेलो तेव्हा तो पारावर भेटला. दुपारचे बारा, तोंडाला वास. रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, "तुला माणसं भेटली. मला दुकान भेटलं."

मला उत्तर देता आलं नाही. तो खरं बोलत होता. पुण्यात मिटिंगा आहेत, केंद्रं आहेत, मनोविकारतज्ज्ञ आहेत. आमच्या गावातून देशीचं दुकान चालत गाठता येतं, आणि मिटिंगला जायचं तर एसटी बदलावी लागते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय टोल-फ्री नंबर आहे. मी तो त्याला दिला, पण शेजारी बसणाऱ्या माणसाची जागा नंबर घेत नाही.

व्यसनी माणसांच्या घरच्यांना अशा गटांत एक गोष्ट शिकवतात, की त्याचं व्यसन तुमच्यामुळे लागलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि तुम्ही ते बरं करू शकत नाही. माझ्या आईसाठी हे वाक्य औषध आहे. मी मात्र ते ढालीसारखं वापरत होतो. त्याचा ग्लास माझ्या हातात नव्हता, हे खरं. पण माझा फोन माझ्या हातात होता.

आता मला वाटतं, चूक हिशोबात होती. आपण जबाबदारी भाकरीसारखी समजतो, एकाने जास्त घेतली की दुसऱ्याला कमी उरते. तशी ती नसते. मी प्यायलो नाही, ते पूर्ण माझं आहे आणि काकांनी मला सांभाळलं तेही पूर्ण त्यांचं आहे. मित्र प्यायला, ते त्याचंच. मी फोन उचलला नाही, ते माझंच. एकामुळे दुसरं कमी होत नाही. रूममेटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. उद्या काकांनी फोन नाही उचलला, तर मी दुसऱ्याला लावायचा, मग तिसऱ्याला. बिलनेही एकच नंबर फिरवला नव्हता.

*

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वडीलधाऱ्यांना गाठलं. ते ओट्यावर चहा पीत होते. म्हटलं, "नाना, काल तुम्ही बोललात ते खरं नव्हतं. मी एकट्यानं नाही सोडली." मग फिट, डॉक्टर, मिटिंग, काका, पुराची रात्र, सगळं सांगितलं. वाटलं होतं की त्यांचा भ्रमनिरास होईल.

ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या थोरल्याचं बी लई वाढलंय. मी रोज त्याला तुझं उदाहरण देतो. म्हणतो, त्या पोराला जमलं, तुला का जमंना? तुझ्यात दम न्हाई."

तेव्हा कळलं की मी मांडवामागे न खोडलेलं ते वाक्य कुणाच्या डोक्यात रोज घातलं जात होतं.

"त्याला बोलशील का?" त्यांनी विचारलं.

मी माझा नंबर लिहून दिला. त्याला म्हणावं, मला एकट्यानं जमलं नव्हतं, एवढंच सांगा. फोन त्याला वाटेल तेव्हा त्यानेच करायचाय.

अजून आलेला नाही. रात्री फोन सायलेंटवर टाकणं मी बंद केलंय.